काम एक, बोटं सात

आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला जात विचारली नाही, लग्न का झालं नाही ते विचारलं नाही, मित्रबित्र घरी येतात का हेही विचारलं नाही. बदलापूर पूर्वेला शिरगावात त्याआधी मी अकरा घरं बघितली होती आणि हे तिन्ही प्रश्न मला तोंडपाठ झाले होते. उत्तरं घोकूनच मी त्यांच्या दारात उभी होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हात पुढे केला.

"फोन दाखव."

मला वाटलं, आधार कार्डाचा फोटो हवा असेल. मी फोन उघडून दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि अंगठ्याने एकेक पान सरकवत शेवटपर्यंत गेले.

"काय गं, ह्या सगळ्या टिकल्या कसल्या?"

"ॲप्स आहेत, काका."

"ते कळतं मला. किती आहेत?"

"मोजली नाहीत कधी."

"मी आत्ता मोजली. ब्याण्णव. काल ह्यातली किती उघडलीस?"

मी आठवून बघितलं. "पाच. नाही, सहा."

"म्हणजे शहाऐंशी माणसं तुझ्या खिशात फुकट बसलीयत आणि मधेमधे तुलाच हाका मारतायत." त्यांनी फोन परत दिला. "नोकरी कसली करतेस?"

इथे शहाण्या मुलीने खोटं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हीच ॲप्स बनवते. म्हणजे डिझाइन करते. कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, ते मी ठरवते."

 ते मान वळवून आत ओरडले, "अगं ए, चहा टाक! आरोपी आपल्या पायाने हजर झालाय!"

घर मिळालं. खाली ते दोघं, वर माझी खोली. चार वर्षं राहिले मी तिथे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण नावासकट छापून आलं तर ते स्वतःचं नाव सोडून बाकीच्या मजकुरातल्या चुका शोधत बसतील आणि मला कळवतील. काकाच म्हणायचे मी त्यांना, अजूनही म्हणते.

काकांची मोजायची सवय घरापुरती नव्हती, ती त्यांच्याबरोबर सगळीकडे जायची. शेजारी कुणी फोन काढला की हे सुरू. मनात नाही हं, चांगलं खणखणीत. "एक... दोन... तीन..." समोरच्याचं बोट काचेला लागलं की एक आकडा. मग निकाल जाहीर व्हायचा, "काम एक, बोटं सात." एकदा दवाखान्यात माझ्या शेजारी बसून त्यांनी एका अनोळखी माणसाची बोटं एकोणीसपर्यंत मोजली आणि त्याला विचारलं, "काय बघत होतात?" तो बिचारा म्हणाला, "गाडी किती वाजता आहे ते." काका म्हणाले, "वेळ बघायला एकोणीस बोटं. त्यात एकदा राशिभविष्य आलं आणि दोनदा कुणीतरी पनवेलला फ्लॅट घ्या म्हणालं. बरोबर?" बरोबर होतं. तो माणूस उठून पलीकडच्या बाकावर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लाल ठिपक्यांवर त्यांचा विशेष राग. कुठल्याही ॲपवर तो आकड्याचा लाल ठिपका दिसला की म्हणायचे, "ह्याला गोवर आलाय, दूर ठेव." आणि ते तीन आडव्या रेघांचं बटण असतं ना, ज्याच्या आत आम्ही डिझाइनर लोक कुठेच न मावणाऱ्या गोष्टी ढकलतो? त्यांनी ते पहिल्यांदा उघडलं, आतली यादी वाचली आणि मला म्हणाले, "पाहुणे आले की दाराआड कचरा सरकवतात, तसं केलंयस की तू." मी खूप भांडले त्यावर. पण आम्ही कॉलेजात ज्यावर दोन तास व्याख्यान ऐकलं होतं ते ह्या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

रविवारी सकाळी आंघोळ करून ते पत्रं लिहायचे. प्रत्येक ॲपमध्ये 'अभिप्राय कळवा' म्हणून एक चौकट असते, ती जगात कुणी वाचत नाही. काका एका बोटाने, शुद्ध मराठीत, त्या चौकटीत लिहायचे. एक पत्र मी उतरवून ठेवलंय. "मा. व्यवस्थापक, आपल्याकडे गाणे मागितले असता प्रथम एक तरुणी नाचून दाखवते. नंतर एक गृहस्थ टकलावरचे औषध सांगतात. त्यानंतर आपण मजकडे पाच तारे मागता. गाणे अद्याप सुरू झालेले नाही. कळावे. आपला, निवृत्त पॅनेल ऑपरेटर." उत्तर लगेच यायचं. धन्यवाद, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि पुढे एक लाल बदाम. त्या बदामाने काका पेटायचे. "तक्रार केली की बदाम पाठवतात, मेले!"

आणि ते टॅग. घरात काहीही बिघडलं किंवा काम चालू असलं की त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग लटकायचा, "हात लावू नये. काम चालू." खाली सही आणि वेळ. ज्याने लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने नाही, हा कारखान्याचा नियम. मिक्सरवर टॅग, पाण्याच्या टाकीच्या कॉकवर टॅग. एकदा काकांना सणकून ताप आला तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या गळ्यात घातला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. काकूंनी काढा नेला तर डोळे न उघडता टॅगकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "सही तुमची, मरण माझं," आणि काढा पाजूनच बाहेर आल्या.

आता हा माणूस असा का, ते सांगायला हवं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत काकांनी एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर काढली. कंट्रोल रूम. समोर भिंतभर पॅनेल, त्यावर दिवे, काटे, बटणं. आत बसून बाहेरचे पंप चालवायचे. जुन्या पॅनेलवर बारा दिवे होते. मग नवीन साहेब आले आणि त्यांनी एकशेचाळीस दिव्यांचं झकपक पॅनेल बसवलं. पंप बंद करायचं बटण वर्षानुवर्षं उजव्या हाताशी होतं, ते डावीकडे वर गेलं. पहिल्या पाळीला सांगितलं, दुसऱ्या पाळीला सांगायचं राहिलं. दुसऱ्या पाळीत दाब वाढला, ऑपरेटरचा हात सवयीने उजवीकडे गेला, तिथलं बटण दाबलं. ते दुसऱ्याच कशाचं तरी होतं. पंप चालूच राहिला. बाहेर पाइपचा जोड उडाला आणि तिथे उभा असलेला माणूस कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली, ठपका ऑपरेटरवर.

"ऑपरेटर काय चुकला?" काका मला विचारायचे. "हात सवयीने जातो, पोरी. हाताला वाचता येत नाही."

मी उलट बोलायचेच. मी काही त्यांची शिष्या नव्हते. म्हणायचे, "काका, केमिकल कंपनी वेगळी आणि गाण्याचं ॲप वेगळं. इथे चुकलं तर कुणी भाजत नाही. आणि लोकांना आवडतं हे सगळं, म्हणून आम्ही देतो."

"लोकांना विचारलंस?"

"आकडे असतात आमच्याकडे."

"आकडे शेठला दाखवायला असतात. माणसाला विचारलंस का, ते विचारतोय."

असं आमचं चालायचं. चहा घेता घेता भांडण, मग दुसरा चहा. काकू मधे पडायच्या नाहीत, त्या त्यांच्या गाण्यात असायच्या.

काकू भीमगीतं गायच्या. लग्नाआधीपासून. पेटी स्वतः वाजवायच्या आणि गायच्या, साथीला फार तर एक ढोलकी. जयंतीचे दिवस आले की अंबरनाथ, उल्हासनगर, पालेगाव, विठ्ठलवाडीच्या चाळी, महिनाभर रोज कुठेतरी कार्यक्रम. सगळ्या वस्त्यांत त्यांना 'ताई' म्हणायचे. आवाज असा की लाउडस्पीकर बिघडला तरी कार्यक्रम थांबत नसे. मग त्यांना कंपवात झाला. भाता ओढणारा डावा हात तसा बरा राहिला, पण सुरांवरची उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. आवाजाला मात्र काही झालं नाही. हात पुरते जायच्या आधी काकांनी एक शहाणपणा केला होता. काकूंना समोर बसवून त्यांच्या नऊ गाण्यांची नुसती पेटी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. गाणं नाही, फक्त पेटी. काकू त्या रेकॉर्डिंगवर गायला लागल्या.

पण काकूंच्या गाण्याची एक रीत होती. दोन कडव्यांच्या मधे त्या थांबायच्या आणि समोरच्या बायांशी बोलायच्या. कुणाच्या पोरीची शाळा सुटली, कुणाला हंड्यासाठी रांगेत शिव्या खाव्या लागल्या, ते सगळं त्या बोलण्यात यायचं आणि मग पुढचं कडवं त्यावर चढायचं. म्हणजे पेटी थांबवायला हवी, पुन्हा चालू करायला हवी, आणि ती त्यांच्याच बोटाने. एकदा हे काम साउंडवाल्याकडे दिलं तर त्याने वाक्य अर्धं असतानाच पेटी सुरू केली. काकू म्हणाल्या, "माझा श्वास कुठे संपतो ते त्याला काय कळणार? मी दाबीन, नाहीतर गाणार नाही."

आमच्या कंपनीचं गाण्यांचं ॲप त्यांच्या फोनवर मीच घालून दिलं होतं आणि पेटीची ती रेकॉर्डिंगं त्यात टाकली होती. तेव्हा त्यात मधोमध मोठं गोल बटण होतं, दाबलं की चालू, दाबलं की बंद. मला त्याचा अभिमान होता. आजूबाजूला बाकीची खोगीरभरती होतीच, आणि काकूंचं थरथरतं बोट नेमकं तिकडे जायचं. त्यावर काकांनी इलाज काढला. वहीच्या बाइंडिंगचा जाड पुठ्ठा फोनच्या मापाचा कापला, मधे गोल भोक पाडलं आणि रबरबँडने फोनवर बसवला. आता काकूंना भोकात बोट घालता येईल तेवढंच, बाकी सगळ्या ॲपवर झाकण. वर्षभर ते झकास चाललं. मी येता-जाता तो पुठ्ठा बघत होते आणि हसत होते.

त्याच वर्षी आमच्या शेठनी ठरवलं की ॲप उघडलं की मधोमध छोटे व्हिडिओ दिसले पाहिजेत. मी अकरा नमुने काढले. पास झाला तो असा: मधे व्हिडिओ, बोट लागलं की मोठ्या आवाजात सुरू, पुन्हा लागलं की पुढचा. आणि गाण्याचं बटण लहान होऊन खाली उजव्या कोपऱ्यात. ऑफिसात केक कापला. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, घरातला तो पुठ्ठा मला एकदाही आठवला नाही. एकदाही नाही.

जयंतीचा कार्यक्रम अंबरनाथला, विहारासमोरच्या मैदानात होता. काकूंनी सकाळी घरी पूर्ण सराव केला, सगळं बरोबर होतं. दुपारी फोन चार्जिंगला लावला आणि त्या दोन तासांत नवं ॲप आपसूक उतरलं. संध्याकाळी काकू निळ्या काठाची पांढरी साडी नेसून स्टेजवर गेल्या, सगळ्यांना जय भीम केला, फोनची वायर साउंडवाल्याने जोडून दिली. पहिल्या रांगेत काका, त्यांच्या शेजारी मी. काकूंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि भोकात बोट ठेवलं.

"हाय गाइज! आज आपण बनवणार आहोत चीज बर्स्ट पनीर—"

चार मोठ्या स्पीकरवरून. अख्ख्या मैदानात. काकू दचकल्या, बंद करायला पुन्हा दाबलं तर कुणीतरी माणूस खो खो हसायला लागला. थरथरीत बोट आणखी दोनदा लागलं आणि एक अचकटविचकट गाणं सुरू झालं, भर जयंतीच्या स्टेजवर. आधी पोरं हसली, मग मोठीही हसली. काकांनी स्टेजवर झेप घेऊन वायर उपटली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. काकूंनी फोन टेबलावर ठेवला, लोकांना हात जोडले आणि पायऱ्या उतरून सरळ रिक्षात जाऊन बसल्या. घरी आल्यावर एकच बोलल्या, "बास झालं आता. गाणं संपलं माझं."

मी वर गेले आणि पोट दुखेपर्यंत रडले. सकाळी खाली उतरले. काका दारासमोरच्या ओट्यावर तो पुठ्ठा हातात घेऊन बसले होते, भोकातून पलीकडे बघत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"काका, ते बटण मी हलवलं."

"तुमच्या कंपनीने."

"नाही. मी. अकरा नमुने काढले मी. हा मी निवडला."

मला वाटलं, आता खोली खाली कर म्हणतील. म्हणायलाच हवं होतं. त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला.

"बटण हलवायचं असेल तर शिफ्टवरच्या प्रत्येक माणसाला आधी सांगतात, पोरी. कागदावर सही घेतात. 'मला कळलं' म्हणून. सही झाल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत."

"हो."

"तो अंबरनाथचा ऑपरेटर मीच होतो. उजवीकडे गेलेला हात माझा."

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले.

"त्या साहेबाची मी सोळा वर्षं वाट बघितली. एकदा यावं आणि म्हणावं, बटण मी हलवलं. आला नाही. तू एका रात्रीत आलीस." ते उठले. "रडून झालं असेल तर चप्पल घाल. तुझ्या शेठकडे जाऊ."

उल्हासनगरला कॅम्पात, फर्निचरच्या दुकानांच्या वर आमचं ऑफिस. काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला कंपनीचा जुना बिल्ला लावून आले होते. शेठ सिंधी, माणूस भला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, स्टेजवरची गोष्ट ऐकताना दोनदा कानाला हात लावला.

"बहुत बुरा हुआ, साईं. भाभीजी से मैं खुद माफी मांगूंगा. लेकिन मेरी भी सुनो. मेरे बाप की कपडे की दुकान थी. जो माल बाहर लटकता है, वही बिकता है. अंदर रखा तो ग्राहक आगे निकल जाता है."

"दुकान में आदमी माल देखने आता है, शेठ," काका म्हणाले. "मेरी बाई स्टेज पे खडी थी. माल देखने नहीं आयी थी."

शेठनी बिस्किटांची बशी जवळ ओढली. मग म्हणाले, "पर एक बटन का ॲप लेगा कौन?"

"एक बाई लेगी."

"एक के लिए कोई बनाता है क्या, साईं?"

"मैं बनाऊंगी," मी म्हटलं. माझ्याच तोंडून हे आलं यावर माझाच विश्वास बसेना. मी चित्रं काढणारी, कोड लिहिणं माझं काम नव्हे. शेठनी माझ्याकडे बघितलं, बशीतलं बिस्कीट काकांकडे सरकवलं आणि म्हणाले, "संडे को बनाना, बेटा. ऑफिस टाइम में नहीं."

मग सात-आठ महिने माझे सगळे रविवार त्यात गेले. शिकत होते, चुकत होते, पुन्हा लिहीत होते. काका शेजारी खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या पत्रांच्या रविवारी आता मीच त्यांची तक्रारपेटी झाले होते. फोनचा सबंध पडदा म्हणजेच बटण, हे पहिल्याच दिवशी ठरलं. कुठेही बोट लागो, पेटी चालू. पुन्हा लागो, बंद. गाण्यांचा क्रम घरीच लावून ठेवायचा. मी हौसेने खालच्या कोपऱ्यात एक नाजूकशी वेळेची रेघ काढली होती.

"ही कशाला?"

"किती गाणं झालं ते कळायला."

"गाणाऱ्या बाईला कळत नाही, किती गायली ते? काढ."

रंगावरून तर आमची जुंपलीच. मी म्हटलं, चालू असताना हिरवा, बंद असताना लाल. काका खुर्चीतून उठले. "उलटं! मोटर चालू असली की पॅनेलवर लाल दिवा. लाल म्हणजे चालू आहे, हात सांभाळ!" मी म्हटलं, जगात सगळीकडे हिरवा म्हणजे चालू. ते म्हणाले, जगाने कंट्रोल रूम बघितलेली नाही. ह्यात दोन रविवार गेले.

काकू ह्या सगळ्याच्या आसपासही फिरकत नव्हत्या. त्या दिवसानंतर त्यांनी गाण्याचा एक सूर लावला नव्हता. भांडी घासताना गुणगुणायच्या तेही बंद. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि विषय संपवला होता. काका एरवी दहा गोष्टींवरून कटकट करायचे, पण "गा" असं त्यांनी काकूंना एकदाही म्हटलं नाही. रोज सकाळी पेटीवरची धूळ मात्र पुसायचे. ॲप होईल, पण ज्या बाईसाठी चाललंय ती स्टेजवर पुन्हा चढेल का, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि आम्ही ते एकमेकांना विचारतही नव्हतो.

एका रविवारी आम्ही थांबवण्याची चाचणी घेत होतो. मी दाबायचे, पेटी सुरू, चार सूर झाले की बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं वीस-पंचवीस वेळा झालं असेल. स्वयंपाकघरातून काकू तरातरा बाहेर आल्या, हाताला पीठ तसंच.

"अहो, किती छळ लावलाय! कडव्याच्या मधे तोडतात का कुणी? जिवाला लागतं ते!"

"मग कुठे तोडायचं?" काका जागचे हलले नाहीत. "आम्हाला काय कळतंय?"

"सरका बाजूला."

काकूंनी पिठाच्या बोटाने पडदा दाबला. पेटी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बोट थरथरत होतं, एकदा टेकवताना तीनदा लागत होतं. चालू, बंद, चालू, बंद. काकूंचा चेहरा उतरला आणि त्या वळल्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. चूक तुझ्या हाताची नाही. पॅनेलची आहे. पॅनेल दुरुस्त होतं."

त्या दिवशी काकांनी घड्याळ लावून काकूंची बोटं मोजली. शंभरदा बोट टेकवायला लावलं आणि पहिल्या स्पर्शापासून थरथर थांबेपर्यंत किती वेळ जातो ते पाहिलं. मी तेवढाच नियम लिहिला: एकदा बोट लागलं की पुढचे दोन सेकंद कितीही वेळा लागलं तरी काही करायचं नाही. आयुष्यभर लोकांची बोटं मोजत फिरलेल्या माणसाने बोटं न मोजणारं ॲप करून घेतलं, असं मी म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या विनोदाला हसले. रंगाचा निकाल काकूंनीच लावला. "लाल नको, हिरवा नको. निळा करा."

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी फोनमधलं सिम काढलं, वायफाय बंद केलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. "ह्या ॲपमधले बटण मी कोणालाही न सांगता हलवणार नाही." मी सही केली. खाली त्यांनी केली. मग कागद काकूंपुढे सरकवला, "कळलं म्हणून." काकूंनी वेडीवाकडी का होईना, सही केली.

तेच मैदान, तोच विहार. गेल्या वर्षी हसलेली पोरंही तिथेच, पुढे येऊन बसलेली. काकूंचं नाव पुकारलं तेव्हा मागून कुणीतरी "पनीर!" असं ओरडलं आणि हशा पिकला.  काका ताठ बसून होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. काकू स्टेजवर चढल्या. ह्या वेळी पुठ्ठा नव्हता. टेबलावर फक्त निळा पडदा. त्यांनी हशा ओसरू दिला, श्वास घेतला आणि बोट टेकवलं. ते थरथरलं, तीन-चार वेळा लागलं असेल. पेटी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

पहिली ओळ मैदानाच्या पार टोकापर्यंत गेली. वर्षभर दाबून ठेवलेला आवाज होता तो. पहिलं कडवं झालं, काकूंनी बोट टेकवलं, पेटी जागच्या जागी थांबली. त्या बायांशी बोलल्या. कुणाची सून नर्सिंग शिकतेय, कुणाच्या घरात सुनेला अजून पाणीच भरायला लावतात. बाया माना डोलवत होत्या. पुन्हा बोट, पुन्हा पेटी, दुसरं कडवं. पुढे बसलेली पोरं आता टाळ्यांनी ठेका धरत होती.

दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी पेटी थांबवली तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिला जवळचं दिसत नव्हतं बहुतेक, डोळ्यांवर हात धरून ती स्टेजकडे बघत होती.

"ताई, पेटीवर कोन बसलंय गं? लई ग्वाड वाजवतीय. दिसंना मला."

काकूंनी आपला उजवा हात वर केला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो तसाच सगळ्या मैदानाला दिसेल असा धरला.

"मीच की, आजी," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण?"

आणि तोच हात खाली आणून त्यांनी तिसरं कडवं सुरू केलं.